पोलादचा दुसरा कोट

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. कोट-पँट शिवणारे मास्तर. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि दुकानाच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक. त्या ट्रंकेत पोलाद राहत असे.

पोलाद हे काही त्या नटाचं पाळण्यातलं नाव नव्हतं. त्याच्या पहिल्या मारामारीच्या सिनेमानंतर वर्तमानपत्रांनी ते त्याला चिकटवलं, ते कायमचंच. मास्तर आणि त्यांचा मित्र फोटोवाला आठवीत होते तेव्हापासून दोघांनी मिळून त्याचं एकही कात्रण सोडलं नव्हतं. पोस्टरं, तिकिटं, थिएटराबाहेर काचेत लावायचे फोटो, काडेपेट्यांवरची चित्रं, पोलादचा पाय मोडल्याची बातमी, पाय जुळल्याची बातमी. मास्तरांची बायको म्हणायची, आमच्या लग्नाची तारीख विचारा यांना, घाम फुटेल. पोलादचं अपेंडिक्स कधी काढलं ते मात्र तोंडपाठ. मास्तर वाद घालत नसत. ती तारीख सांगून मोकळे होत.

दोघांची कामाची वाटणी ठरलेली होती. फोटोवाल्याचा स्टुडिओ समोरच्याच गल्लीत. हाती आलेला फोटो तो मोठा करून आणायचा आणि मास्तर त्यावर भिंग धरून बसायचे. चेहरा ते फारसा बघत नसत. कॉलर किती रुंद, खिसा सरळ की तिरका, बटणं किती, हे बघत आणि एका वहीत उतरवून ठेवत.

त्या वहीतच ती गोष्ट सापडली. कशी, ते जरा सावकाश सांगायला हवं. कोट घालून दोन्ही हात वर केले की कोट वर चढतो. आरशासमोर करून पाहा. पण उंच उडीच्या फोटोंत पोलादचे हात आभाळाला लागले तरी कोट जागचा हलत नव्हता. म्हणजे बगलेत शिंप्याने जास्तीचा चौकोनी तुकडा घातला होता. कोपरांपाशीही कापड सैल, आत गादी बांधता यावी म्हणून. म्हणजे एका कोटाच्या जागी कोट दोन होते. लांबून बघाल तर दोन्ही जुळे भाऊ. पण पोलाद बोलतो, रडतो, नायिकेचे डोळे पुसतो, तेव्हा अंगात पहिला कोट. गच्चीवरून उडी मारतो तेव्हा दुसरा. आणि दुसऱ्या कोटातल्या माणसाचा चेहरा कधीच दिसत नाही, पाठच दिसते.

पोलाद तर पहिल्यापासून प्रत्येक मुलाखतीत सांगत आला होता, की माझी उडी मीच मारतो.

अशा प्रत्येक फोटोच्या नोंदीपुढे मास्तरांनी पेन्सिलीने बारीकसा गोल काढला आणि अकरा वर्षं कोणाला अवाक्षर बोलले नाहीत. वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण घरातल्या थोरल्या माणसाची फुशारकी आपण पाहुण्यांसमोर हसून झाकतो, तशी त्यांनी ती झाकली. शेवटी एका दुपारी फोटोवाल्याला सांगितलं. त्याच्यापासून लपवायचं म्हणजे अर्ध्या ट्रंकेला कुलूप लावल्यासारखं वाटायला लागलं होतं. हे दुकानाबाहेर जाणार नाही, असा त्यांनी त्याच्याकडून शब्द घेतला. त्यानेही हातावर हात मारून दिला.

महिन्याभराने त्याने वही चार दिवस मागून नेली. पानं झिजलीत, फोटो काढून ठेवतो, म्हणाला. मास्तरांनी वहीला नवं कव्हर घालून दिलं.

मग एका रविवारी एक कारकून पँटची उंची कमी करायला आला. त्याने काउंटरवर वर्तमानपत्राची पुरवणी पसरली आणि तुमच्या मित्राने कमाल केली म्हणून मास्तरांचंच अभिनंदन केलं. पानभर लेख होता. ‘पोलादला पकडणारा चाहता.’ वर फोटोवाल्याचा हसरा फोटो, हातात मास्तरांची वही. खाली ते गोल, ते बगलेतले तुकडे, सगळं मोठं करून छापलेलं. मास्तरांनी लेख दोनदा वाचला. शिंपी हा शब्द एकदाच सापडला: कापडातले बारकावे त्यांनी एका शिंप्याकडून समजून घेतले.

कारकून गेल्यावर मास्तरांनी त्याची पँट कापायला घेतली आणि चार बोटं जास्त कापली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

दोन दिवसांनी पोलाद टीव्हीवर आला. म्हातारा दिसत होता. ज्यांना आपलं म्हटलं त्यांनीच पाठीत खंजीर खुपसला, म्हणाला. मास्तरांनी टीव्ही बंद केला. खोटं बोलला पोलाद, शब्द मोडला फोटोवाल्याने, आणि लाजेने मान खाली गेली ती मास्तरांची.

पाचव्या दिवशी दुपारी फोटोवाला आला आणि आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसला.

“बोल की काहीतरी. शिव्या तरी दे.”

मास्तर सुईत दोरा ओवत राहिले.

“मी नाव घातलं होतं तुझं. त्यांनी काढलं. जागा नव्हती म्हणे.”

“माझ्या नावाला नव्हती. तुझ्या बत्तिशीला होती.”

मग फोटोवालाही तापला. फोटो मोठे कोणी करून दिले, डार्करूममध्ये डोळे कोणी फोडून घेतले, भिंगाखाली धरायला काही नसतंच तर वहीत काय लिहिणार होतास, असं तो एका दमात बोलला. यातलं सगळं खरं होतं, म्हणूनच मास्तरांना ते जास्त लागलं. शेवटी तो म्हणाला, “लेखात एक ओळ खोटी दाखव.”

“खोटं असतं तर तुझ्याकडून शब्द कशाला घेतला असता?”

त्याने खिशातून एक पत्र काढून मशीनवर ठेवलं. वर्तमानपत्राच्या पत्त्यावर आलेलं, थरथरत्या अक्षरातलं. लिहिणारा होता दुसऱ्या कोटातला माणूस. त्याने लिहिलं होतं, की पस्तीस वर्षं मी पाठ दाखवली. त्या पाठीवरून मला ओळखणारे तुम्ही पहिले. एकच विचारायचं आहे. जळत्या जिन्याच्या दृश्यात जास्तीचा कोट वेळेवर आला नव्हता, मी पोलादचाच कोट घालून धावलो. तिथेही तुमचा गोल आहे. तो कसा?

“मला काय ठाऊक,” फोटोवाला म्हणाला. “सांग ना. त्याला कळवायला हवं.”

तेव्हा मास्तरांच्या ध्यानात आलं, की हा माफी मागायला आलेलाच नाही. उत्तर घ्यायला आलाय.

त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. अकरा वर्षं त्या गोलांत त्यांना पोलादचं खोटं दिसत आलं होतं. कोटाच्या आत कोणी हाडामांसाचा माणूस असेल, त्याला काही वाटत असेल, हे मनातही आलं नव्हतं. आणि आता तो माणूस आभार मानत होता, ते भलत्याचेच.

त्यांनी कोरा कागद ओढला. वही माझी आहे, मी शिंपी, एवढं आधी लिहिलं. मग लिहिलं: तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे. जिन्यावर धावताना कॉलर त्या बाजूला घसरली होती. पोलादच्या अंगावर ती कधी घसरत नाही. तुमच्या मापाचा कोट कोणी शिवलेला दिसत नाही. मापं पाठवा.

फोटोवाला मान लांब करून वाचायला लागला. मास्तरांनी कागद पालथा केला.

“वाचू दे की.”

“नाही.” मग त्यांनी विचारलं, “वही कुठे आहे?”

“पेपरवाल्यांकडेच. देतील म्हणालेत.”

पाकीट चिकटवून मास्तरांनी पत्ता लिहिला, चपला पायांत सरकवल्या. पोस्टापर्यंत जायचं म्हणजे पाच मिनिटांचं काम. एरवी अशा वेळी फोटोवाला स्टुलावरच बसून राही, आणि गिऱ्हाईक आलं तर माप घेतल्याचं नाटक करी. आजही तो उठला नाही.

मास्तरांनी खुंटीवरचं कुलूप काढलं आणि तो उठेपर्यंत ते हातात घेऊन दारात उभे राहिले.