मिठाचा उजेड

मोहऱ्या तडतडल्या आणि वर्षाराणीनं वैतागून कपाळाला हात लावला.

"झालं का? जाऊ का आता?"

"हलू नकोस म्हणलं न्हवं!" शालूबाईंनी मुठीतलं उरलेलं मीठ-मोहरी लेकीच्या डोक्यावरनं आणखी एकदा ओवाळलं आणि पेटत्या शेगडीवर टाकलं. गॅसची निळी आच भसकन पिवळी झाली, फडफडली, पुन्हा निळी. दर अमावस्येला ही दृष्ट ठरलेलीच. शिवाय कुणी बघायला येणार असलं की त्या दिवशीही.

"सगळ्या गल्लीचं मीठ आपल्याच घरात संपतंय," वर्षाराणी हेल्मेट उचलत म्हणाली.

"तोंड चालवू नकोस. आजच्या दिवस तरी रजा टाक म्हणलं तर ऐकायचं न्हाय. संध्याकाळी वडगावची माणसं येणार आणि पोरगी खांबावर!"

"त्यांच्या यायच्या आत येतो की घरात."

"आणि सांगितलेलं ध्यानात हाय न्हवं? पहाटं झालीस तू. पहाटं अमावस्या सुटली हुती."

"रातीचं झालोय मी. नर्सबाई डबा खात बसलेली, ती उटून आली, तूच सांगतीस की."

"ते घरात सांगायचं. दाखल्यावर बी दुसऱ्या दिवसाची तारीख पडलीया. कोण बगाय जातंय?"

वर्षाराणीनं हेल्मेट डोक्यावर चढवलं. बोलली असती तर भांडण झालं असतं आणि बाहेर तिच्या कामावरचा बंडू टेम्पोचा हॉर्न बडवत होता. अमावस्येची पोर. नातेवाइकांत असं तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण याआधीची दोन स्थळं त्याच पायी मोडली होती. पोरगी पसंत, नोकरी पसंत, उचगावचं घर पसंत. तिथी विचारली की पाहुण्यांचे चहाचे कप अर्धे राहायचे. दुसऱ्या खेपेला एक म्हातारी जाताना हळहळून म्हणाली होती, "चंद्रच नसलेल्या रातीची, बाई." जणू हिनंच तो लपवून ठेवला होता.

वर्षाराणी आयटीआय झालेली वायरमन. रस्त्यावरचे जुने सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवायचा ठेका होता, त्या ठेकेदाराकडं ती कामाला होती. पिवळा उजेड तिला दुरूनही ओळखू यायचा. त्याच्याखाली लाल लुगडं मातकट दिसतं आणि गोरा-काळा सगळा माणूस एकाच रंगाचा होतो, हे तिला फार आवडायचं. आता ते दिवे संपत आले होते. तीच संपवत होती.

"आज बघायला येणार हाईत म्हणं?" बंडूनं टेम्पो पन्हाळ्याच्या रस्त्याला लावला. "पावण्यानं विचारलं, पोरगी कुटं हाय, तर मी सांगतो की. म्हणतो, जरा मान वर करा."

"गाडी नीट चालीव. न्हायतर तुझी मान वर करतो."

टेकडीवर पत्र्याची एक खोली होती आणि छपरावर काचेचा घुमट. तिथला कॅमेरा रात्रभर आभाळाचे फोटो काढायचा. खालच्या वळणावर कुणाच्या तरी नजरेतून सुटलेला एक सोडियमचा दिवा अजून जळत होता आणि त्याचा उजेड फोटोत येतो अशी तक्रार होती. वर्षाराणीनं शिडी लावली, पट्टा अडकवला, वर चढली. दिवा काढला, चोक काढला, नवा बसवला. बंडू खालनं शिडी धरून गाणं म्हणत होता, तेही बेसूर.

जुना दिवा काखेत मारून ती खोलीकडं सही घ्यायला गेली. आत एक बाई, हिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, संगणकासमोर बसली होती. अंतरा मॅडम. कोल्हापूरचीच, पण बोलणं शाळेतल्या बाईंसारखं.

"काढलात? थँक यू हो ताई! एका दिव्यानं किती छळलंय मला. बघा." तिनं पडदा हिच्याकडं वळवला. "हा परवाच्या अमावस्येचा फोटो."

काळ्या गोल आभाळात कडेला एक लखलखीत ठिपका होता. आणि मधोमध, अगदी डोक्यावर, आणखी एक. फिकट. काचेवर कुणी फुंकर मारावी तसा.

वर्षाराणीचं डोकं लगेच सटकलं. "ह्यो कडेचा आमचा, कबूल. पर मदला आमचा न्हाय. त्या बाजूला खांबच न्हाय. उगं आमच्या नावावर घालू नगासा."

अंतरा मॅडम हसली. "नाही घालत. तो चंद्राचा आहे."

"अमावस्येला कुटला चंद्र?"

"बसा ना."

ती बसली नाही. दिवा काखेत तसाच.

"ह्या कॅमेऱ्याला एक काच आहे. तुमच्या त्या दिव्याचा पिवळा रंग असतो ना, तेवढाच ती आत सोडते. सोडियमचा रंग. मिठात असतं ते सोडियम. चंद्राच्या मातीतही आहे. आणि तिथं हवा नाही, काही नाही, माती उघडीच. तिच्यावर ऊन पडलं की मातीला चिकटलेले सोडियमचे कण सुटतात."

"तापून?"

"तापण्याचं वेगळं. हा उजेडाचाच दणका. उजेड येऊन आदळतो, आणि त्या कणावरची दगडाची पकड सुटते. सूर्याकडनं विजेचे बारीक कणही येतात वाऱ्यासारखे, तेही आदळतात."

"उजेडानं दगडातनं सुटतंय?"

"दगडावरनं. एकेक कण. मग सुटलेल्याला तोच उजेड ढकलत लांब नेतो. चंद्राला शेपटी आहे, ताई. लाखो मैलांची. धूमकेतूला असते तशी."

वर्षाराणीनं खिडकीतनं बाहेर पाहिलं. रोजचंच ऊन. खालच्या रस्त्यावर, बंडूच्या टकलावर, टेम्पोच्या टपावर पडलेलं. ते काही ढकलत असेल असं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

"मग दिसत का न्हाय शेपटी?"

"इतर दिवशी ती भलतीकडं असते. अमावस्येला चंद्र बरोबर सूर्याच्या आणि आपल्या मध्ये येतो. तेव्हा ती सरळ आपल्या अंगावर येते. पृथ्वी तिला ओढून गोळा करते आणि पलीकडं तिचा झोत होतो. आपण रात्रीच्या बाजूला असतो, तो झोत आपल्या डोक्यावर. हा डाग म्हणजे तोच. डोळ्यांना नाही दिसत, फार फिकट आहे."

वर्षाराणीनं काखेतला दिवा हळूच टेबलावर ठेवला, झोपलेलं पोर ठेवावं तसा.

"दर अमावस्येला येतंय हे?"

"दर."

"आधीपास्नं?"

"माणूस नव्हता तेव्हापासून."

"आखाडात? वर ढग असतात तवा?"

"ढग असले तर आम्हाला फोटो मिळत नाही. ते येतंच की."

"सव्वीस वर्सांमागं बी आलं असंल."

"हो. का हो?"

"काय न्हाय." तिनं सहीचा कागद पुढं केला. "सही करा."

परतताना बंडूनं दोनदा विचारलं, मॅडम काय बोलली का म्हणून. ही गप्प. वर्षाराणी आणि गप्प, हे पाहून बंडूनं गाणंसुद्धा म्हटलं नाही.

वडगावची माणसं वेळेवर आली. मुलगा उदयसिंह, त्याची आई बयाबाई. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं त्यांचं. वर्षाराणीचे वडील आकाराम म्हशींच्या धारा लवकर उरकून इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसले होते. पोहे झाले. चहा आला. उदयसिंहानं तिच्या बोटांकडं पाहिलं. साबणानं तीनदा धुऊनही नखांत काळं राहिलं होतं. तिनं हात मागं घेतला. त्यानं आपला पुढं केला. त्याच्याही नखांत ग्रीसच होतं.

"खांबावर भ्या वाटत न्हाय?" त्यानं विचारलं.

"चढताना न्हाय. उतरल्यावर वाटतंय."

"का?"

"खाली माणसं असतात."

तो मोठ्यानं हसला. आईनं त्याच्याकडं पाहिलं तरी हसतच राहिला. वर्षाराणीलाही हसू आलं. याआधीच्या दोघांच्या वेळेला असलं काही झालं नव्हतं. ह्यानं होय म्हणावं असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याचा तिला रागही आला.

"पोरगी तिखट हाय," बयाबाई म्हणाल्या, पण कौतुकानं. "मला बाई अशीच पायजे. आमच्या गल्ल्यावर मऊ माणूस चालत न्हाय." मग त्यांनी चहाचा घोट घेतला. "जल्म कवाचा म्हणलासा?"

"पहाटंचा," शालूबाई पट्कन म्हणाल्या. "आखाड सरला आणि सरावण लागला. नुकतीच अमावस्या सुटली हुती. व्हय की न्हाय गं?"

सगळ्यांनी वर्षाराणीकडं पाहिलं. नुसतं व्हय म्हणायचं होतं. तोंडात तयार होतं ते. समोर तो बसला होता, नखांत ग्रीस असलेला, अजून अर्धवट हसणारा.

तिच्या डोळ्यांपुढं फोटोतला तो फिकट डाग आला. वर ढग, खाली दवाखान्याचा पत्रा, डबा टाकून धावलेली नर्सबाई. आणि ह्या सगळ्याच्या वर, कुणाला न दिसता, एवढ्या लांबून ते आलेलं. ते आलं होतं आणि आपण म्हणायचं, नव्हतं?

"पहाटं न्हाय," ती म्हणाली. "रातीचं. अमावस्या हुती. पुरी."

भांडताना चढायचा तसा तिचा आवाज चढला नाही. तिचं तिलाच नवल वाटलं. पुढचंही सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, चंद्राचं, उन्हाचं. पण बयाबाईंनी कप खाली ठेवला होता. अर्धा.

"खरं बोललीस ते बरं केलंस, बाळ," त्या म्हणाल्या. वाईट वाटून म्हणाल्या, ते कळत होतं. "कळवतो आमी."

कळवतो म्हणजे काय हे त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. आकाराम पाहुण्यांना सोडायला फाट्यापर्यंत गेले. उदयसिंह उंबऱ्याशी चपला घालत उगाच रेंगाळला. "तू पहाटं म्हणली असतीस तर..." एवढं बोलला, आणि आईनं हाक मारली तसा गेला.

शालूबाई स्वयंपाकघरात आल्या त्या भांडी आपटतच.

"एक शबूद! एक शबूद म्हणायचा हुता! जीब झडली असती का?" त्यांच्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं आणि हात मात्र सवयीनं चालले होते. डबा उघडला, मूठ भरली, लेकीला ओढून उभं केलं. "कुणाची नजर हाय कळंना झालंय मला..." डोक्यावरनं ओवाळलं, पायापर्यंत आणलं आणि मूठ शेगडीवर झोकली.

मोहऱ्या तडतडल्या. निळी आच पिवळी झाली.

"आई." वर्षाराणीनं तिचं मनगट धरलं. "थांब. बग."

"काय बगू?"

"रंग बग."

"आगीचा काय रंग बगायचा? मिठाचा हाय त्यो."

"व्हय. ह्योच. मी झालो त्या राती ह्योच रंग वर आल्याला. चंद्रावरनं. फोटो बगून आलोय मी. त्या राती चंद्र नसतोय असं न्हाय, आई. त्या राती त्यो हितं आल्याला असतोय."

शालूबाईंनी लेकीच्या तोंडाकडं पाहिलं. चेष्टा दिसेना. राग तर नाहीच. पोरीचे डोळे शेगडीवर होते, आणि देवळात दिवा लावताना माणसाचं तोंड होतं तसं तिचं तोंड झालं होतं.

आच पुन्हा निळी झाली. बाहेर म्हैस हंबरली. कुणी तिकडं गेलं नाही.

मग शालूबाईंनी पदरानं डोळे पुसले, मिठाचा डबा जवळ ओढला आणि दोन बोटांत चिमूटभर मीठ घेतलं. ते कुणावरनं ओवाळलं नाही. हळूच आचेवर सोडलं, आणि दोघी बघत राहिल्या.