न आलेला फोन

नाझारेनोने शेवटचा आकडा फिरवायच्या आधीच रिसीव्हर जागेवर ठेवला. सकाळपासून तिसऱ्यांदा. स्वयंपाकघरात त्याची बायको दिना वाटाणे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

फुटबॉलमधली रीत साधी होती. काढून टाकलेल्या प्रशिक्षकाच्या जागी जो येतो, त्याने आधी जुन्याला फोन करायचा, दोन शब्द बोलायचे, मगच मैदानावर पाऊल टाकायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. नोव्हेंबरात सलग पाच सामने हरल्यावर संघाच्या मालकांनी नाझारेनोला घरी बसवलं आणि एल्विओला आणलं. एल्विओ परका नव्हता. अकरा वर्षं दोघे एकाच बचावफळीत खेळले, परगावच्या हॉटेलांत एकाच खोलीत झोपले. त्या एल्विओचा फोन आला नाही. राग हा असा पाहुणा, की चार महिने राहिला तरी त्याला घरची आठवण येत नाही. रविवारी चर्चमध्ये एल्विओ दिसला की नाझारेनो खांबाआड बसायचा आणि प्रार्थनेचे शब्द विसरायचा.

काल मालकांनी एल्विओलाही काढलं. नाझारेनोचा करार जूनपर्यंतचा, म्हणून पुन्हा त्यालाच बोलावलं. आता फोन त्याने करायचा होता.

"जाऊनच येतो," तो म्हणाला.

"फोनच कर ना," दिना म्हणाली. "तोंडावर कशाला?"

एल्विओ आपल्या घरासमोर गाडीच्या डिकीतून चेंडूंची जाळी काढत होता. त्याने वळून पाहिलं.

"ये, नाझारे. प्रेत अजून गरम आहे."

त्याने कॉफी केली. मग संघाबद्दलच बोलत राहिला: डाव्या बगलेवरच्या खेळाडूचा गुडघा सुजलाय, गोलरक्षकाला मुलगी झालीय आणि तो झोपेविना उभा असतो, कप्तानाला ओरडलेलं चालत नाही. सगळं नीट, हातचं न राखता सांगितलं. नाझारेनो ऐकत होता आणि ऐकतही नव्हता.

"तू फोन केला नाहीस," तो शेवटी म्हणाला.

"मी?" एल्विओने चमचा बशीत ठेवला. "दोनदा केला, लेका. दोन्ही वेळा दिनाने उचलला. म्हणाली, तो समुद्रावर गेलाय. नोव्हेंबरात, भर पावसात. आणि आतून तुझा खोकला ऐकू येत होता. म्हटलं, ठीक आहे. नाही बोलायचं त्याला."

नाझारेनोचा अंगठा कपाच्या कडेवरून फिरत राहिला. त्या दिवसांत तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. दाढी वाढलेली, पुढ्यात सूप ठेवलं तरी डोळे भरून यायचे. दिना खोलीचं दार लावून घ्यायची, खिडकीही.

एल्विओ त्याच्याकडे पाहत होता. एकच वाक्य पुरेसं होतं: मला कुणी सांगितलंच नाही. ते ओठांपर्यंत आलंही.

"मीच सांगायला लावलं होतं तिला," नाझारेनो म्हणाला.

एल्विओने सावकाश मान हलवली. उठून दोन्ही कप विसळले, पालथे घातले. दारात त्याने हात पुढे केला, सामन्याआधी समोरच्या संघाच्या कप्तानाशी मिळवतात तसा.

घरी दिना दाराशीच उभी होती.

"काय म्हणाला?"

"तुला नमस्कार सांगितलाय."

तिने त्याचा कोट उतरवून घेतला. खुंटी हातभर अंतरावर होती. पण कोट छातीशी धरून ती तशीच उभी राहिली.