डोक्याचा फोटो

भगवानदादाच्या डोक्याचा फोटो आमच्या घरात देवाच्या फोटोशेजारी टांगलेला आहे. थट्टा नाही करत. दोन वर्षांपूर्वी तो सोयाबीनच्या ट्रॉलीवरून पडला, नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून सांगितलं की कपाळामागच्या भागाला मार बसलाय, आणि माणूस राग आवरतो तो याच भागानं. मायनं ती फिल्म खिळ्याला लावली. आल्यागेल्याला दाखवते.

माझा हा थोरला भाऊ पूर्वी म्हणजे गरीब गाय. आता तो ताट भिरकावतो. एकदा दारव्ह्याच्या बाजारात केळीवाल्याच्या कानाखाली वाजवली, तर लोकांनी दादालाच बसवून पाणी पाजलं. "त्याच्या हाती नाही ते," म्हणाले. तापट मी जन्मापासून. शाळेत कुणाची पाटी फोडली तर घरी येऊन पुन्हा मार खायचा. माझ्या हाती नाही असं आजवर कुणी म्हटलं नाही. गाय होता तेव्हा तो लाडका, मारका झाला तरी तोच लाडका. मला त्याचा हेवा वाटायचा. त्या काळ्या फिल्मवरच्या पांढऱ्या डागाचासुद्धा.

पोळ्याला आमच्या गावात तोरणाखालून पहिली जोडी पाळीपाळीनं एकेका घराची निघते. यंदा बारा वर्षांनी पाळी आमची होती. दोन वर्षं बैलांचं सगळं मीच केलं. आदल्या संध्याकाळी हळद-तुपानं त्यांचे खांदे शेकले तेही मीच. नवा सदरा शिवला होता, गावभर सांगूनही झालं होतं. तोरणापाशी पोहोचलो, तर पोलीस पाटील रामरावांनी माझ्या हातातला कासरा घेतला आणि दादाच्या हातात दिला.

"भगवानले धरू दे. त्याले बरं वाटन."

"काका, बैल मी पाहतो. कासरा धरायचा मान माया आहे."

"समजून घे नयन," माय म्हणाली. "तुले काय झालं? तू तं धडधाकट आहे."

दादा कासरा धरून हसत उभा होता. माझ्या हातात बैल हाकायची काठी होती. ती मी त्याच्या डोक्यात घातली, ऑपरेशनच्या खुणेपाशीच. चुकून नाही, जागा बघून.

सात टाके पडले. जीव वाचला हे नशीब. रामराव म्हणाले, भगवानचं म्हणणं लिहून घेऊन ठाण्यात कळवावंच लागेल. मग मायलाच सुचलं. "हा बी लहानपणी निंबावरून पडलता. याचं बी डोकं तपासून आणा." बुडत्याला काडीचा आधार. यवतमाळला त्या मशीनमध्ये आडवा पडून मी कळंबच्या चिंतामणीला एकच मागितलं, एक डाग दे. ज्वारीच्या दाण्याएवढा चालेल.

रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं छान आहे, पेढे वाटा." लिफाफा खिशात घालून मी बसनं घरी आलो.

ओसरीवर रामराव कागद घेऊन बसले होते. शेजारी दादा, डोक्याला पट्टी.

"सांग भगवान. यानं तुले मुद्दाम मारलं का?"

"नाही काका. त्याच्या हाती नाही ते. त्याच्या बी डोक्यात मायासारखं कायतरी असन. मले माहीत आहे कसं होते. आधी हात उठते, मंग समजते."

रामरावांनी माझ्याकडे पाहिलं. "रिपोर्ट आणला ना? आण, जोडतो."

हरवला म्हणता आलं असतं. शब्द तोंडाशी आलाही होता. मायही तेच म्हण, अशा नजरेनं बघत होती. दोन वर्षं मला हेच तर हवं होतं, कुणीतरी माझ्याबद्दल असं बोलावं. पण दादाच्या पट्टीवर रक्त दिसत होतं आणि मी जागा बघून मारलं होतं. मी लिफाफा दिला.

रामरावांनी तो दोनदा वाचला. "याच्या डोक्यात तं काहीच नाही."

दादा उठला. आता मारतो, असं वाटलं. मारावं, असंही वाटलं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"काहीच नाही? बरं झालं रे बाप्पा. दोन राती झोपलो नाही मी. म्हटलं, तुले बी हे लागलं का काय."

त्याला खरंच आनंद झाला होता. रामराव कागदावर 'मुद्दाम' असं लिहीत होते, आणि मला तेव्हाही दादाचा हेवाच वाटला.