चारशे बारा भागिले चार

ज्योत्स्ना थूल चिचझरीच्या शाळेत रुजू झाली तो २००२ सालचा जून होता. हिंगणी ओलांडून बोर धरणाकडं निघालं की डाव्या हाताला हे गाव लागतं. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. दुसरे म्हणजे मुख्याध्यापक प्रभाकरराव. निवृत्तीला वर्षभर उरलेला, कोणाला दुखवायचं नाही असं ठरवून आयुष्य काढलेला माणूस. पोलिओचे डोस, मतदारयाद्या, दारिद्र्यरेषेचा सर्व्हे आणि गुरांची मोजणी यांतून वेळ उरला तर ते शिकवत. वेळ उरत नसे.

ज्योत्स्नाकडं चौथीचा वर्ग आला. मुलं अडतीस. मुलांबरोबर गेल्या वर्षीचा तक्ताही आला. त्यात याच मुलांची गणितातली संपादणूक सत्त्याण्णव टक्के होती. तिला बरं वाटलं. आधीच्या शाळेत तिनं एवढा आकडा कधी पाहिला नव्हता.

जुलैच्या पहिल्या चाचणीत तिनं साधे पाच भागाकार घातले. पाचपैकी चार बरोबर आले तर मूल उत्तीर्ण, असा वरचा नियम होता. अडतीसपैकी नऊ मुलं उत्तीर्ण झाली, म्हणजे चोवीस टक्के. काहींनी पंचवीस भागिले चारचं उत्तर शंभर काढलं होतं. रोशनी नावाच्या मुलीनं तर उत्तराच्या जागी नुसती सुबक चौकट काढून ठेवली होती. विचारलं तर म्हणाली, ‘‘मॅडम, उत्तर तर तुमी फळ्यावर लिवसान ना? मंग आमी त्यात लिवतो.’’

सुट्टीत ज्योत्स्नानं प्रभाकररावांपुढं तक्ता ठेवला. ‘‘सर, हे सत्त्याण्णव कुठून आले?’’

प्रभाकरराव भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी लपवाछपवी केली नाही. ‘‘केंद्रप्रमुख म्हणतात, पंच्याण्णवच्या वर पायजे. शंभर लिवले का वरून कोणीतरी पाहाले येते. सत्त्याण्णवले कोणी येत नाई. सहा वर्षं झाले, कोणीच नाई आलं.’’

‘‘मी चोवीस लिहिणार आहे.’’

‘‘लिवा,’’ ते म्हणाले. मग पुढची शेंग फोडत, ‘‘पण पेन्सिलीनं लिवजा.’’

तिनं शाईनं लिहिलं. पंधरा दिवसांनी नोटीस आली. ‘आपण रुजू झाल्यापासून अवघ्या दीड महिन्यात विद्यार्थ्यांची संपादणूक ७३ टक्क्यांनी घटली आहे. सदर घट आपण कशी घडवून आणली, याची कारणे सात दिवसांत दाखवावीत.’

नोटिशीच्या मागोमाग केंद्रप्रमुख मधुकरराव स्वतः मोटारसायकलवर आले. त्यांच्या हाताखाली तेरा शाळा होत्या आणि तेराही शाळांवर त्यांचा जीव होता, निदान तक्त्यात तरी.

‘‘मॅडम, तुमी एकट्या खरं लिवता, म्हणजे बाकीच्या बारा शाळा खोटं लिवून राह्यल्या असं होते. आपल्याच लोकांबद्दल असं दिसणं बरं नाई. साठ लिवा. साठमध्ये नम्रता बी आहे आणि प्रगती बी आहे.’’

‘‘सर, पोरांना येत नाही हो.’’

‘‘पोरांचं कोण विचारून राह्यलं? मी तक्त्याचं बोलून राह्यलो.’’

ज्योत्स्नानं खुलाशात एकच वाक्य लिहिलं: मुलांना जुलैत जेवढं येत होतं तेवढंच लिहिलं आहे, मार्चमध्ये येईल तेवढं मार्चमध्ये लिहीन. त्या रात्री तिला झोप लागली नाही. नोकरीला चार वर्षंच झाली होती, आणि घरात पहिली नोकरी तिचीच. पण सकाळी वर्गात गेल्यावर तिला कळलं की आता एकच वाट उरली आहे. शिकवायचं.

तिनं मुलांना घरून खराट्याच्या काड्या आणायला सांगितल्या. दहा काड्यांची एक जुडी, दहा जुड्यांचा एक गठ्ठा. गठ्ठे वाटायचे, मग जुड्या, मग सुट्या काड्या. वाटता येत नसेल तर गठ्ठा सोडायचा. मुलं जमिनीवर बसून तासन्‌तास वाटत राहिली. सगळ्यात जास्त भांडणं व्हायची ती जुडी एक आणि वाटेकरी चार असले की. कोणालाच जुडी मिळत नाही, तर त्या जागी काय लिहायचं? बरीच मुलं काहीच लिहीत नसत आणि थेट पुढं जात. ‘‘कोणालेच नाई मिळाली, तर ‘नाई मिळाली’ असं लिवा लागते,’’ असं रोशनीनं एक दिवस अंकितला दरडावून सांगितलं, आणि त्याच्या पाटीवर शून्य काढलं. ज्योत्स्ना दाराशी उभी होती. तिनं मध्ये तोंड घातलं नाही.

आठवडाभरात रोशनीची आई कांताबाई शाळेत आली. हातात खराट्याची नुसती गाठ, काड्या सगळ्या गळालेल्या.

‘‘मॅडम, हे काय लावलं? पोरीनं माया दोन खराट्याचा भागाकार केला. आंगण कायनं झाडू?’’

ज्योत्स्नानं माफी मागितली आणि तिला आत बसवलं. आत रोशनी चौघांत काड्या वाटत होती. कांताबाई शाळेत कधी गेलेली नव्हती. घटकाभर पाहून ती म्हणाली, ‘‘हे तर मले येते. आमी कापूस येचाले गेलो का दुपारी भाकरी अश्याच वाटतो.’’ दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक खराटा पाठवून दिला.

मार्चच्या चाचणीत अडतीसपैकी एकतीस मुलं उत्तीर्ण झाली. ज्योत्स्नानं ब्याऐंशी टक्के लिहिले, तेही शाईनं.

आता मात्र वरच्या कार्यालयात खरी खळबळ उडाली. सत्त्याण्णववर सहा वर्षं कोणाला शंका आली नव्हती. पण चोवीसचे ब्याऐंशी म्हणजे नक्कीच कॉपी, असं ठरलं. एप्रिलच्या उन्हात तिघांची चौकशी समिती जीपमधून आली. अध्यक्ष एक अधिकारी, एक कारकून, आणि सदस्य म्हणून मधुकरराव. बरोबर सीलबंद प्रश्नपत्रिका आणि सीलबंद उत्तरसूची. ज्योत्स्नाला वर्गाबाहेर कडुनिंबाखाली बसवलं गेलं. मुलांना एकमेकांपासून चार हात दूर बसवलं, आणि चिचझरीतल्या पोरांनी आयुष्यात पहिल्यांदा खिसे उलटे करून दाखवले.

पुन्हा पाच भागाकार. पेपर तिथंच तपासायचे होते. चौथा भागाकार होता चारशे बारा भागिले चार. कारकुनानं उत्तरसूची उघडली आणि भराभर फुल्या मारू लागला. सूचीत उत्तर छापलं होतं तेरा.

आपला पेपर हातात आल्यावर रोशनी उठून टेबलाशी गेली.

‘‘सर, हे एकशे तीन आहे.’’

‘‘तेरा आहे,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘हे बघ, छापलेलं आहे.’’

‘‘चार जणांले तेरा-तेरा देल्ले तर बावनच होते, सर. मंग बाकीचे तीनशे साठ कोणाले गेले?’’

वर्गात कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी मधुकररावांकडं पाहिलं. मधुकररावांनी खिशातून पेन काढला, तळहातावर काहीतरी मांडलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. ‘‘पोरगी बरोबर म्हणते वाटते, साहेब,’’ ते हळू आवाजात म्हणाले.

‘‘ते मलाही दिसतंय,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘पण ही सूची सगळ्या जिल्ह्याला गेली आहे. इथं एकशे तीन धरले, तर सगळीकडे धरावे लागतील. आपण तपासायला आलो आहोत, दुरुस्त करायला नाही.’’

तेव्हा सूचीप्रमाणंच तपासलं गेलं. ज्यांचे मोजून चार बरोबर होते आणि त्यांत चारशे बाराचं गणितही होतं, अशी सहा मुलं नापास झाली. उलट अंकित, ज्याचं शून्य अजूनही अधूनमधून गळायचं, त्यानं तेराच लिहिले होते. त्याचे तिनाचे चार झाले आणि तो पास झाला. एकूण सव्वीस. अडुसष्ट टक्के. अध्यक्षांना हा आकडा एकदम पटला. ‘‘हे खरं वाटतं,’’ ते म्हणाले. ‘‘कॉपी नाही. मॅडम, तुमच्यावर काही ठपका नाही.’’

कडुनिंबाखालून उठून आलेल्या ज्योत्स्नानं पेपर पाहिले. काय झालं ते तिला कळलं. वर्षभर ती ज्या शून्यासाठी घसा कोरडा करत होती, ते अधिकृतपणे गेलं होतं. तिला रडू यायच्या बेतात होतं, पण सहा मुलं तिच्या तोंडाकडं पाहत होती. तिनं त्यांना सांगितलं, ‘‘तुमचं बरोबर आहे. कागद चुकला आहे.’’

‘‘असं मुलांसमोर बोलू नका,’’ अध्यक्ष म्हणाले, आणि अहवाल सहीसाठी मुख्याध्यापकांकडं सरकवला.

प्रभाकररावांनी चष्मा पुसला. इतक्या वर्षांत त्यांनी समोर आलेला कोणताच कागद सही न करता परत केला नव्हता. त्यांनी सही केली. मग पेन कागदावरून उचललाच नाही. सहीच्या खाली उरलेल्या जागेत त्यांनी सुवाच्य अक्षरांत पूर्ण भागाकार मांडला. पहिल्या चाराचा एक. मग एकाला भाग जात नाही म्हणून शून्य. मग बाराचे तीन. खाली लिहिलं, ‘उत्तर १०३. मी स्वतः करून पाहिले.’

‘‘अहो सर, हे काय केलं तुमी?’’ मधुकरराव ओरडले. ‘‘दोन महिने राह्यले तुमचे!’’

‘‘म्हणून तर,’’ प्रभाकरराव म्हणाले.

जीप गेली. मे महिन्यात प्रभाकररावांना त्यांच्या नावाचं पाकीट आलं. शासकीय अहवालावर अनावश्यक मजकूर लिहिल्याबद्दल खुलासा मागितला होता. त्यांनी ज्योत्स्नाला बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून उत्तर लिहिलं. सोबत सहाही मुलांचे भागाकार जोडले.

जूनमध्ये, निवृत्तीच्या चार दिवस आधी, उत्तर आलं. प्रभाकररावांनी ते व्हरांड्यात उभं राहून मोठ्यानं वाचलं.

‘आपला खुलासा मान्य करण्यात येत आहे. उत्तरसूची कायम राहील.’

ते इतके हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. ज्योत्स्नाही हसली. मग दोघं शाळेच्या किल्ल्या, घंटा, खिचडीचं मोठं पातेलं आणि गुरांच्या मोजणीचं रजिस्टर एकेक करून तिच्या नावावर घ्यायला बसले, कारण नवीन मुख्याध्यापक कधी येणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं.