भात कुठून घ्यावा

पहाटे पात्रं घेऊन रांगेने निघणाऱ्या भिक्खूंना भात दान करू पाहणाऱ्या पाहुण्यांसाठीच्या सूचनापत्रकातल्या सहा ओळी दालावानने एका बैठकीत लिहून काढल्या. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. भिक्खूंपेक्षा खाली बसावं. बाईने भिक्खूला किंवा त्याच्या पात्राला हात लावू नये. रांग चालू असताना बोलू नये. रांग ओलांडू नये. फोटो लांबून आणि फ्लॅशशिवाय. सातव्या ओळीशी मात्र ती तीन दिवस अडून बसली होती. दानासाठी भात कुठून घ्यावा?

खरं तर ती ओळही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेली होती. 'कोपऱ्यावर बसणाऱ्या बायकांकडून भात विकत घेऊ नये.' वस्तीप्रमुख सिसावात शुक्रवारी पत्रक छापायला टाकणार होते आणि लुआंग प्राबांगच्या या वस्तीतल्या प्रत्येक गेस्टहाऊसच्या खोलीत ते लागणार होतं. कारण साधं होतं. विहाराचे थोरले भिक्खू, साथू ओनकेओ, महिन्याभरात दोनदा आजारी पडले होते. दोन्ही वेळा सकाळचं जेवण झालं आणि नऊच्या आत उलट्या सुरू झाल्या. वय ब्याऐंशी. डॉक्टर म्हणाले होते, तिसऱ्यांदा झालं तर सांगता येणार नाही. आणि साथूंना कुणी काही सांगायची सोय नव्हती. पात्रात जे पडेल ते खायचं, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. ते नको म्हणणार नाहीत, म्हणजे देणाऱ्यांनाच आवरायला हवं.

"कोपऱ्यावरच्या बुआलियेनचंच काम आहे," दालावानची मावशी खामफेंग म्हणायची. दालावान राहत होती ते गेस्टहाऊस मावशीचं. "पहाटे पाच वाजता तिच्याकडे वीस-वीस टोपल्या तयार असतात. एकटी बाई एवढा भात कधी वाफवते? विहारात उरलेला भात उचलते आणि परदेशी लोकांच्या गळ्यात मारते. त्यांना काय कळतंय!"

दालावानला हे पटण्यासारखं वाटत होतं, आणि म्हणूनच ती ओळ लिहिताना तिचा हात थांबत होता. राजधानीत, व्हिएनतियानला, चार वर्षं ती अन्नाचं रसायनशास्त्र शिकली होती. पटतंय आणि दिसलंय यात फरक असतो, एवढं तरी ती तिथून घेऊन आली होती. ओळ छापली गेली की बुआलियेनकाकूंचा कोपरा संपला. नवरा गेल्यापासून त्या त्याच कोपऱ्यावर होत्या.

विहारात भात उरतो हे खरं होतं. शेकडो हात रोज मूठ-मूठ घालतात. एवढा भात कुणाच्यानेही संपवत नाही. तो उरलेला भात कुठे जातो, हे बघायचं तिने ठरवलं.

सोमवारी ती नाम खान नदीपलीकडे आईकडे झोपायला गेली. पांढऱ्या चिकट तांदळात तिने दोनशे दाणे काळ्या तांदळाचे मोजून मिसळले, भिजत घातले आणि पहाटे तिथेच वाफवले. गेस्टहाऊसच्या स्वयंपाकघरात त्यातला दाणाही जाऊ द्यायचा नव्हता. मंगळवारी तो गरम भात घेऊन ती विहाराच्या दारापाशी गुडघे टेकून बसली आणि पुढून आलेल्या पात्रांत टोपली रिकामी केली. आता हे दाणे उरलेल्या भातात जाणार. आणि तो भात बुआलियेनकाकू उचलत असल्या, तर उद्या त्यांच्या टोपल्यांत दिसणार.

बुधवारी पाचला ती कोपऱ्यावर हजर झाली.

"तीन टोपल्या द्या, काकू."

"तीन?" बुआलियेनने दिव्याखाली तिला न्याहाळलं. "मावशीची चूल विझली की काय?"

"मला हव्यात."

तिने तिथेच, फुटपाथच्या कडेला, केळीच्या पानावर पहिली टोपली उलटी केली आणि बोटांनी भात पसरून बघायला लागली. भात चटके देत होता. दुसरी. तिसरी. एकही काळा दाणा नाही.

"मी बसलेय इथे, दिसतेय ना तुला?" बुआलियेन म्हणाली. "दानाचा भात कोंबडीसारखा उकरत्येस. काय हरवलंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणे. शिकून आलीस तेव्हापासून बघत्येय, सगळ्यांकडे चोर असल्यासारखी बघतेस. माझ्या दोन सुना रात्री बारा वाजता उठतात, तीन चुली आहेत घरी. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

दालावानने पसरलेला भात गोळा करून टोपल्यांत भरला. पण संशय गेला नव्हता. कदाचित काकूंना सुगावा लागला असेल. कदाचित आज त्यांनी जुना भात आणलाच नसेल. तीन टोपल्यांवरून काय सिद्ध होतं? असा विचार करत ती गेस्टहाऊसपाशी आली.

दारासमोर चटईवर मारीके आणि वाउटर हे डच जोडपं पाय दुमडून, खांद्यावर दानाच्या वेळचा कापडी पट्टा घेऊन, दालावानने वाचायला दिलेल्या कच्च्या पत्रकात लिहिल्यासारखं अगदी बसलं होतं. मावशीने त्यांच्या पुढ्यात गेस्टहाऊसच्या दोन टोपल्या ठेवल्या होत्या. गेस्टहाऊस विहाराला लागूनच. रांग दारातून निघाली की पहिलं दान इथलंच, आणि रांगेत सर्वांत पुढे साथू.

"किती सुंदर!" मारीके हळूच म्हणाली आणि टोपली तिच्याकडे कलती केली. "यात जांभळी नक्षी आहे. मुद्दाम करता का?"

दालावानने वाकून पाहिलं. एक काळा दाणा. त्याच्या भोवतीचे सात-आठ पांढरे दाणे जांभळे झालेले. जरा बाजूला दुसरा. पलीकडे दोन.

तिने एक काळा दाणा चिमटीत उचलून पाहिला. काल तिने वाफवलेल्या भातात प्रत्येक काळ्या दाण्याने शेजारचा फारतर एखाद-दुसरा दाणा रंगवला होता. एवढा रंग सुटायचा तर तो दाणा पुन्हा एकदा वाफेवर चढलेला असायला हवा.

विहाराचं दार उघडलं. केशरी चिवरांची रांग दिसली, आणि सर्वांत पुढे, खाली मान घालून, अनवाणी, साथू ओनकेओ. आता बोलायचं नसतं. ही चौथी ओळ तिने स्वतः लिहिली होती.

ती धावत कोपऱ्यावर गेली.

"काकू, दोन टोपल्या."

"सकाळपासून माझा भात चिवडलास, आता परत तोच हवाय?"

"काकू, पाया पडते. आत्ता काही विचारू नका."

बुआलियेनने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून गेस्टहाऊसकडे पाहिलं. तिला काय समजायचं ते समजलं. ती हसली नाही. दोन टोपल्या उचलून तिने दालावानच्या हातात कोंबल्या. "पळ."

साथू दहा पावलांवर होते. दालावान वाकून, जवळजवळ रांगत चटईपाशी पोचली, पाहुण्यांच्या हातातल्या टोपल्या काढून घेतल्या आणि नव्या दिल्या. मारीकेने गोंधळून पाहिलं, पण सूचना नीट वाचलेल्या असल्यामुळे तोंडातून शब्द काढला नाही. तिने गरम भाताचा गोळा साथूंच्या पात्रात ठेवला. साथू पुढे गेले. दारात मावशी उभी होती.

रांग वळणाआड गेली तशी मावशी तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"पाहुण्यांच्या हातातून टोपली ओढतेस? अख्ख्या गल्लीसमोर? आणि आणलीस ती त्या बाईची!"

दालावानने टोपली ओट्यावर ठेवली आणि झाकण काढलं. "हे दाणे माझे आहेत, मावशी. काल आईकडे वाफवून मी विहारात दिले होते. आज ते इथे कसे आले?"

"काळा तांदूळ काय तू एकटीच घेतेस बाजारातून?"

"आपल्या घरात नाहीये तो. आणि हे बघ, दोनदा वाफवलाय."

मावशीने बघितलं नाही. ती चुलीकडे वळली, फडकं उचललं, परत ठेवलं. मग एकदम भडकली.

"मग काय करू? तीन आठवड्यांत ऊन पाहिलंयस? विहारातला उरलेला भात पापड्या करायला आणायची पाळी आपल्या गल्लीची. वाळायलाच तयार नाही. बुरशी धरते. दान दिलेला भात उकिरड्यावर टाकू? डुकरांपुढे घालू? वाफवला परत. तुझी आजी वाफवायची, तुझी आई वाफवते, त्याच भातावर वाढलीस तू. आणि कुणाच्या तोंडात गेला? भिक्खूंचा भात भिक्खूंच्याच पात्रात गेला. यात माझ्या पदरात काय पडलं, सांग!"

"आई रात्रीचा भात सकाळी वाफवते. हा काल सकाळचा. शंभर हातांचा. दिवसभर कुठे होता?"

मावशीने ओट्याखाली पाहिलं. तिथे मोठी परात होती, ओल्या फडक्याने झाकलेली. दालावानने फडक्यावर हात ठेवला. चुलीच्या शेजारी ते कोमट होतं, अंगावरच्या पांघरुणासारखं.

"अशा उबेत एक जिवाणू वाढतो भातात," ती म्हणाली. "वाफेने तो मरतो. पण तोवर त्याने भातात सोडलेलं विष मरत नाही. कितीही वाफव. ते पोटात गेलं की दोन-तीन तासांत उलट्या होतात."

"आपण नाही पडलो ते आजारी!"

"आपण हा खाल्लाच नाही. आपल्यासाठी तू ताजा करतेस." तिने फडक्यावरचा हात काढला. "साथू ज्या दोन दिवशी आजारी पडले, त्या दिवशी दारात आपले पाहुणे बसले होते का?"

मावशी स्टुलावर बसली. तिचे ओठ हलत होते. ती दिवस आठवत होती. पहिल्यांदा ते कोरियन कुटुंब. दुसऱ्यांदा फ्रान्सच्या दोघी बहिणी. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि खाली जे राहिलं ते बघवत नव्हतं.

"मी जन्मले तेव्हा साथूंनीच माझं नाव ठेवलं गं," ती म्हणाली. "मी त्यांना..."

दालावानला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण त्याच वेळी तिची नजर कोपऱ्यातल्या तांदळाच्या गोणीवर गेली. महिना झाला, ही गोणी एव्हाना संपायला हवी होती. अजून अर्धी होती. पाहुण्यांना तर दर वेळी 'आमचा ताजा भात' म्हणून टोपली मिळत होती. मावशी म्हणते ते खरंच होतं, की दान टाकवत नाही हे कारण नंतर सापडलं होतं? मावशीला तरी हे नक्की सांगता आलं असतं का? हात खांद्यावर ठेवायचा राहून गेला.

नऊ वाजता ती विहाराच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. दहालाही तिथेच होती. साथू अंगणात झाडू मारत होते. एकदा ओसरीवर बसून त्यांनी आल्याचं पाणी घेतलं, आणि परत झाडू उचलला. एका दिवसावरून काही ठरत नाही, हे तिला माहीत होतं. तरी तिथून तिचा पाय निघेना.

गुरुवारी संध्याकाळी सिसावात पत्रक न्यायला आले. त्यांनी सातवी ओळ मोठ्याने वाचली. "'भात त्याच पहाटे पहिल्यांदाच वाफवलेला असावा. तसं विचारावं, झाकण काढून हात लावून बघावा. गरम असेल तरच घ्यावा, मग तो कोपऱ्यावरचा असो की तुम्ही राहता त्या गेस्टहाऊसचा.' हे काय? बुआलियेनचं काय झालं?"

"तिच्या भातात काही नाही. मी तपासलाय."

"आणि गेस्टहाऊसचा कशाला लिहितेस? आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा? उद्या प्रत्येक पाहुणा आमच्या टोपल्यांत हात घालेल."

"घालू दे."

"खामफेंग, अगं समजाव तुझ्या भाचीला. चार पुस्तकं शिकली तर आम्हालाच शिकवायला लागली."

मावशी चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवला. "आहे तसंच छापा, दादा," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

सिसावातांनी दालावानकडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं, आणि चहा संपवून पत्रक उचललं.

शनिवारी पहाटे साडेचारला दालावान खाली आली तेव्हा चूल पेटलेली होती. भात वाफवायच्या बांबूच्या शंकूतून वाफ निघत होती. मावशीने तिला पाहिलं आणि शंकू उतरवून पुढे धरला. दालावानने भातात बोटं घातली. बोटं भाजली. दाणा नवा होता, एकसारखा पांढरा.

"झालं समाधान?"

"हो."

"रोज उठणार आहेस अशी?"

दालावान खाली वाकली. ओट्याखाली परात घासून पालथी घातलेली होती. तिने ती उचलून खाली पाहिलं. काहीच नव्हतं.

मावशी बघत होती. तिने मान फिरवली आणि टोपल्या भरायला घेतल्या.