घराच्या मापाची मशीन

मी एक जुनी, लहान वेल्डिंग मशीन आहे. माझा रंग उडाला आहे, एक कडी वाकली आहे. लोक मला डबा म्हणतात. म्हणू देत. मी अजून चालते.

मित्रांनो, माझा जन्म १९५६ साली मुंबईकडच्या एका छोट्या कारखान्यात झाला. पोलादी पत्र्यांच्या चळतीवर तांब्याची तार गुंडाळून माझे पोट भरले. घरात येते ती वीज मी घेते, तिचा दाब उतरवते आणि जोर वाढवते. त्या जोरावर वितळत जाणाऱ्या लोखंडी रॉडच्या टोकाशी जाळ पेटतो आणि लोखंडाचे दोन तुकडे एक होतात. एक धडधाकट माणूस मला कडीला धरून उचलू शकतो.

तेच माझे दुखणे झाले. मी नागपूरच्या एका दुकानात विकायला आले, पण गिऱ्हाईक यायचे ते मोठ्या मशीनवर हात फिरवायचे. मी सहा वर्षे टेबलाखाली होते. माझ्यावर चहाच्या कपबशा ठेवत.

१९६२ साली वणीजवळच्या राजूरहून देवीलाल आणि त्याची बायको धनीबाई आली. देवीलाल कोळशाच्या खाणीच्या कारखान्यात वेल्डिंग शिकला होता. ती नोकरी सोडून त्याला घरीच दुकान काढायचे होते. खाणीत होती तशीच मोठी मशीन त्याला हवी होती. तो तिच्यासमोर उभा राहिला तो हलेना.

धनीबाईने ओढणीची गाठ सोडली आणि आतली वस्तू दुकानदाराच्या टेबलावर ठेवली. तो तिच्या घरच्या मीटरखालचा चिनीमातीचा फ्यूज होता. घर अंधारात ठेवून ती तो काढून घेऊन आली होती.

"हे आमचं घर हाये," ती म्हणाली. "याच्यात मावते तेवढीच मशीन द्या."

दुकानदार हसला. फ्यूज घेऊन मशीन पाहायला येणारी तुम्हीच पहिल्या, म्हणाला.

"माहा आजा बैल घ्याले जाये तं भरलेली गोण संगं ने," ती म्हणाली. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. "शिंगं पाहून गोण उठत नाही, भाऊ."

दुकानदाराने फ्यूजवरचा पंधरा अँपिअरचा आकडा वाचला. मग त्याने खरे सांगितले. मोठी मशीन घरच्या लाईनवर चालणारच नाही, तिला कारखान्याची वेगळी लाईन लागते. पंधराच्या फ्यूजवर चालेल अशी त्याच्याकडे एकच होती. त्याने कपबशा उचलल्या आणि मला बाहेर ओढले. बारीक रॉड वापरा, तीन रॉड झाले की विश्रांती द्या, एवढे त्याने समजावले.

वणीच्या मोटारीत देवीलाल तोंड फिरवून बसला होता. "लोक हासतीन. म्हणतीन, देवीलालनं खेळणं आणलं."

"हासू द्या. घरचा दिवा तं नाही विझन."

लोक हसलेच. पण मी जाळ धरला की घरातला दिवा फक्त जरासा मंद व्हायचा. बादलीची कडी, सायकलचा सांगाडा, खिडकीचे गज, वखराची पास म्हणजे त्याचे लोखंडी पाते, सगळे मी जोडले. मारेगावपासून लोक तुटके सामान घेऊन येऊ लागले. जाड पास एका दमात जमत नसे. मग मी बारीक रॉडचे थर एकावर एक चढवत असे. वेळ लागे, पण सांधा सुटत नसे. तीन रॉड झाले की धनीबाई माझ्या झाकणावर हात ठेवायची. गरम लागले की म्हणायची, "थांबा. दम घेऊ द्या तिले." देवीलाल कुरकुरायचा आणि थांबायचा. कधी फ्यूज उडाला तर तीच नवी तार ओवायची, दोन वेढे देऊन.

१९६५ साली धनीबाई चार दिवसांच्या तापात गेली.

देवीलालने माझ्यावर गोणपाट टाकले. दोन महिने मी त्याखाली होते. गिऱ्हाईक दारावरून परत जायचे.

मग सदाशिवराव नावाचे ठेकेदार आले. खाणीतल्या कोळशाच्या गाड्यांचे जाड सांधे जोडायचे वर्षभराचे काम त्यांच्याकडे होते. देवीलालला त्याची गरज होती, घरात दुसरी कमाई नव्हती. ठेकेदारांनी गोणपाट काढले आणि मला पायाने जरा हलवून पाहिले.

"या डब्यानं नाही होत. जाड रॉड लाव अन् फ्यूजमंदी जाड तार टाक, दणकून चालन," ते म्हणाले. तारेचा तुकडाही त्यांनी खिशातून काढून दिला.

मित्रांनो, फ्यूजची तार मुद्दाम बारीक असते. ओझे जास्त झाले की ती आधी जळते, म्हणून घर जळत नाही. जाड तार टाकली की जळायची पाळी माझी, भिंतीतल्या तारांची आणि छपराच्या कवेलूंखालच्या लाकडांची येते. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

देवीलालने फ्यूज काढला. त्यात धनीबाईने ओवलेली तार होती, दोन वेढ्यांची. जाड तार बसवायची तर ती काढावी लागणार होती. त्याने तारेच्या वेढ्यांवर बोट ठेवले, पण ती काढली नाही.

"आता काय झालं?" सदाशिवराव म्हणाले. "कोन अडवून राह्यलं तुले?"

"तीच अडवून राह्यली," देवीलाल म्हणाला. त्याने जाड तार त्यांच्या हातात परत दिली. "मशीन लहान नाही, सदाशिवराव. घर एवढंच हाये. या घराचं माप धनीबाईनं घेतलं, ते मी नाही बदलत."

सदाशिवराव काम घेऊन गेले. तो फ्यूज होता तसा जागेवर बसला. त्या दिवशी आम्ही धनीबाईच्याच बादलीची कडी जोडली. ती तिच्या आजारपणात तुटली होती.

वर्षभराचे काम गेले. आम्ही उपाशी मेलो नाही. गिऱ्हाईक परत आले, बादल्या आणि वखर घेऊन.

म्हणून सांगते, मित्रांनो. मशीन घ्यायला जाल तेव्हा आधी आपल्या घराची लाईन पाहा, मग मशीनचा आकार. फ्यूजमध्ये जाड तार कधीही घालू नका. आणि जो आपल्या ताकदीएवढे काम नीट करतो त्याला डबा म्हणू नका. म्हटलेत तरी माझे काही अडणार नाही.

धनीबाईची तार १९६७ साली जळाली. देवीलालने तेवढीच बारीक तार ओवली, दोन वेढे दिले. आता तो एकटाच काम करतो. तीन रॉड झाले की स्वतःच थांबतो आणि माझ्या झाकणावर हात ठेवतो.