काचेवरची खूण

विमान म्हातारं होतं. मागच्या महायुद्धात त्यानं सैनिक वाहिले होते, नंतर टपाल, बटाटे आणि एकदा कुठल्याशा जनरलचा पियानो. आता त्याच्या डाव्या कुशीतून तीन मशिनगनी बाहेर डोकावत होत्या. त्याला काय म्हणावं हे फ्लोरिडातल्या आमच्या तळावर अजून कोणाचंच ठरलेलं नव्हतं. मेसमध्ये त्याला 'गाय' म्हणत.

कल्पना सोपी होती. विमान सरळ जात असलं की जमिनीवरची जागा क्षणात मागे पडते. पण खळ्यातल्या तिवड्याभोवती बैल फिरावा तसं ते डावीकडे कलून एकाच जागेभोवती फिरत राहिलं, तर ती जागा डाव्या खिडकीत जिथल्या तिथे राहते. बंदुका कुशीला बसवल्या की गोळ्यांची धार तिथेच धरून ठेवता येते. हे हवं होतं व्हिएतनाममधल्या छोट्या चौक्यांसाठी. अंधार पडला की त्यांना वेढा पडायचा. चौकी मधे, हल्ला करणारे कुंपणाला भिडलेले. गोळ्या थोड्या सरकल्या तर आपल्याच माणसांवर.

मला ओहायोहून पाठवलं होतं, गणितासाठी. समुद्रावर पिवळे तराफे सोडत, विमान त्यांच्यावर गोळ्या झाडी, आणि त्या कुठे पडल्या हे मी फोटोंवरून मोजत असे.

नेम धरायला यंत्र नव्हतं. कॅप्टन डेलमार हॉइटनं पहिल्या दिवशी वैमानिकाच्या डाव्या काचेवर मेणाच्या पेन्सिलीनं एक फुली काढली, फुलीमागे तराफा धरला आणि पहिल्याच फेरीत त्याच्या चिंध्या केल्या. तेव्हापासून ती फुली तिथेच होती. विमानाची देखभाल सार्जंट ऑर्व्हल टॅकेटकडे होती. तो रोज काच पुसायचा, पण फुलीभोवती फडकं असं वळवायचा की तिला धक्का लागू नये. देखभालीच्या लोकांत तसा नियमच होता. ज्या खुणेनं पहिला नेम लागला, ती पुसायची नाही.

मग वॉशिंग्टनहून निरोप आला. समिती प्रात्यक्षिक बघायला येणार होती, पण हॉइटचं नाही. एका हुशार कॅप्टनचा नेम लागतो यावरून काही सिद्ध होत नाही. साध्या मालवाहू विमानाच्या वैमानिकाला लावून दाखवू दे. नाही लागला तर बंदुका उतरवायच्या आणि विमान परत बटाट्यांना.

तो साधा वैमानिक म्हणजे लेफ्टनंट अन्सेल प्रुइट. बुटका, हसरा, हात अगदी स्थिर. सरावाच्या तीन फेऱ्या त्यानं सुरेख वर्तुळात मारल्या. एकही गोळी तराफ्याला लागली नाही.

"काय रे अन्सेल," हॉइट जेवताना म्हणाला, "माशांशी काही जुनं वैर आहे का तुझं?"

"तुमच्या गायीलाच विचारा, कॅप्टनसाहेब. ती तिरकं दूध देते."

"हात थरथरतो तुझा. उद्या मोठी माणसं येणार म्हणून."

"थरथरतो? हे बघा." प्रुइटनं गार चहाचा काठोकाठ भरलेला ग्लास हाताच्या पालथ्या बाजूवर उभा ठेवला. टेबलावर थेंब सांडला नाही. सगळे हसले, टॅकेट मात्र हसला नाही. ताटातला तळलेला मासा तसाच ठेवून तो उठून गेला.

"त्याच्यापुढे ही थट्टा नको," हॉइट हळू आवाजात म्हणाला. "त्याचा मुलगा डॅरिस तिकडे अशाच एका चौकीत आहे."

मी फोटो पुन्हा काढून बसले. घाबरलेल्या माणसाच्या गोळ्या चहूकडे जातात. प्रुइटच्या सगळ्या एकाच बाजूला होत्या, तराफ्याच्या अलीकडे, विमानाकडच्या अंगाला, आणि दर फेरीत साधारण तितक्याच अंतरावर. हात थरथरून असं होत नाही. मी खिडकीतून बघत विचार करत होते, तेवढ्यात ते दोघं मेसच्या दारातून बाहेर आले. हॉइट नेहमीसारखा वाकून. प्रुइट ताठ, वर भरपूर जागा सोडून.

मी विमानाकडे गेले. टॅकेट पंखाखाली डबा उलटा घालून त्यावर बसला होता.

"सार्जंट, काचेवरची खूण पुसावी लागेल."

त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. "ब्रंकबाई, तुम्ही शिकलेल्या आहात. पण हे नका सांगू मला."

"ती हॉइटच्या डोळ्यांसाठी आहे. प्रुइटच्या नाही."

"खूण ती खूण. कोरियात आमच्या विमानावरची पहिली खूण कोणा शहाण्यानं रंगवून टाकली होती. ते विमान परत आलं नाही. योगायोग म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा."

"मी काहीच म्हणत नाही. तुम्ही फक्त एकदा आत येऊन बसा."

तो आला, बहुतेक मला लवकर घालवावं म्हणून. वैमानिकाच्या जागेवर बसला. मी त्याला ताठ बसून एक डोळा मिटायला सांगितलं.

"फुली कशावर दिसते?"

"जीपच्या चाकावर."

"आता चार बोटं खाली सरका. मान तशीच ठेवा."

तो सरकला आणि थबकला. परत ताठ झाला, पुन्हा खाली सरकला.

"आता?"

"हँगरच्या दारावर," तो म्हणाला. "जीपच्या कितीतरी पलीकडे."

"विमान इथे जमिनीवर आहे. आकाशातून ही चार बोटं आणखी लांबतात. फुली तराफ्यावर आहे असं प्रुइटला वाटतं, आणि बंदुका अलीकडे बघत असतात. आसन वर घेतलं तर त्याचे पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत."

बाहेर कोणीतरी पंप सुरू केला आणि बंद केला.

"डॅरिसची चौकी फुटबॉलच्या मैदानापेक्षा लहान आहे," टॅकेट म्हणाला. "ही चूक केवढी?"

"मैदानापेक्षा मोठी."

त्यानं खिशातून फडकं काढलं, स्पिरिटच्या बाटलीला लावलं आणि एका दमात फुली पुसून टाकली. मग जिथे ती होती तिथे पुन्हा पुसलं, काच स्वच्छ असूनही. "बोलवा त्या बुटक्याला," तो म्हणाला.

टॅकेटनं मधल्या बंदुकीच्या नळीतून बघून दूरच्या कुंपणाचा एक खांब धरला. प्रुइट आपल्या नेहमीच्या पद्धतीनं आसनावर बसला आणि तोच खांब त्यानं आपल्या डोळ्यानं काचेवर टिपला. गोळी वाटेत जेवढी झुकते तेवढी सूट मी सांगितली. त्याची फुली जुन्या जागेच्या बरीच खाली आली.

"म्हणजे इतके दिवस मी कॅप्टनसाहेबांच्या चष्म्यातून बघत होतो तर!" प्रुइट म्हणाला.

"त्यांच्या टोपीखालून," टॅकेट म्हणाला. त्या दिवसात तो पहिल्यांदाच थट्टेवर आला.

दुसऱ्या दिवशी समितीचे लोक दुसऱ्या विमानातून बघत होते. टॅकेट आणि मी किनाऱ्यावर उभे होतो. त्यानं टोपी काढून हातात धरली होती आणि तिची कड तो बोटांनी चुरत होता. विमान कललं, शांतपणे वर्तुळ धरलं. लांबून जाड कापड फाटावं तसा आवाज आला. तराफ्याभोवतीचं पाणी पांढरं झालं, आणि ते निवळलं तेव्हा पिवळं असं काही तिथे उरलं नव्हतं. दुसऱ्या तराफ्याचंही तेच झालं. टॅकेटनं टोपी डोक्यावर ठेवली आणि नाक शिंकरलं.

नंतर मी फोटोंवरून गोळ्या मोजल्या. ठिपके दाट होते, जिथे हवे तिथेच. कुंपणाला भिडलेली माणसं माझ्या एकाही फोटोत नव्हती. त्यांच्या जागी दर वेळी पिवळा तराफा होता. हे मला तेव्हाच कळत होतं. डॅरिसची चौकीही कळत होती. दोन्ही गोष्टी मी एकमेकींतून वजा करू शकले नाही, आणि आजही करत नाही.

समितीला मग हॉइटचीही फेरी बघायची होती. तो आसनावर चढण्याआधी टॅकेट आत गेला आणि त्यानं काच पुसली.

"अहो सार्जंट!" प्रुइट दारातूनच ओरडला. "माझी खूण! पहिल्या नेमाची!"

"पुढचा माणूस स्वतःची काढेल."

"मग तुमच्या नियमाचं काय?"

"हाच नियम," टॅकेट म्हणाला, आणि फडकं घडी करून त्यानं पेन्सिलीशेजारी आसनाच्या खिशात ठेवलं.

पुढे तशी आणखी विमानं तयार होऊन पूर्वेला गेली, तेव्हा प्रत्येकात त्या खिशात एक पेन्सिल आणि एक धुतलेलं फडकं असायचं. ते तो स्वतः ठेवत असे, आणि मी कधी दिसले तर मुद्दाम वर करून दाखवत असे.